सफरचंदांचा कप्पा

बहारीनमध्ये वसंत फ्रिजमध्ये सुरू होतो. आयरिसच्या फुलांच्या कंदांना आधी थंडी मिळावी लागते आणि इथली थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर बाहेर काढायला एक निमित्त. म्हणून आमच्या मराठी आयरिसवाल्या ग्रुपमधल्या सगळ्याजणी लावणीआधी कंद काकूंच्या दुसऱ्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायच्या. काकू ग्रुपच्या ॲडमिन. व्हिला, हिरवळ, भलामोठा कॅमेरा आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर शेरे मारायचा कायमचा हक्क. "फोकस गेलाय." "मागे बादली दिसतेय." बादलीवाली मीच.

गेल्या वर्षी मात्र जिदहफ्स वस्तीतल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, एक निळं फूल असं काही उमललं की ग्रुप दिवसभर माझ्या मोबाईलवरच्या फोटोचंच कौतुक करत राहिला. काकूंच्या फोटोकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या पोटात दुखलं असणार, हे मला कळायला हवं होतं. मी बसले हरखून.

यंदा मला फूल आईसाठी हवं होतं. गावी तिची नजर झपाट्याने जात होती. डॉक्टर म्हणाले होते, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. हे मी काकूंना रडत सांगितलं. "या वर्षी तुझंच फूल," म्हणत त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि माझी कंदांची पिशवी स्वतः फ्रिजमध्ये ठेवली.

डिसेंबरात ती परत आणली, तेव्हा तिला सफरचंदांचा गोड वास येत होता. काकूंनी एक सफरचंद माझ्याही हातावर ठेवलं. बसस्टॉपवर मी ते मिटक्या मारत खाल्लं.

पानं तरारून आली. काकू आवर्जून त्यांचे फोटो मागवायच्या आणि सगळ्यांदेखत वाहवा करायच्या. फेब्रुवारीत ग्रुपवर एकेकीची फुलं दिसू लागली. माझ्या कळ्या आतल्या आत कागदासारख्या वाळल्या. मग काकूंनी आपलं फूल टाकलं. पाकळीची शीर न् शीर दिसत होती. खाली सल्ला होता: "कंद सफरचंदांजवळ ठेवू नयेत. कळी आतच मरते. मी हे कित्येक वर्षं पाळते."

मी फोन लावला. "काकू, माझी पिशवी सफरचंदांतच होती."

"अगं, दुसरीकडे जागाच नव्हती." मग हसून म्हणाल्या, "आणि सगळ्यांचंच फुललं तर माझं कोण बघणार?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांचा कॅमेरा त्यांच्याच हिरवळीवर आपटावासा वाटला. पण संध्याकाळी आईचा फोन आला.

"फुललां काय गो?"

"फुललं," मी म्हटलं. "पाठवते."

ग्रुपवरचा फोटो मोठा केला की धूसर व्हायचा, आणि आईला मोठाच लागणार. शेवटी काकूंकडेच मूळ फोटो मागितला. कशाला, तेही सांगावं लागलं. त्यांनी लगेच पाठवला, त्यावर आपलं नाव टाकून. नाव कापायचं तर पाकळी कापली जात होती. तसाच पुढे धाडला.

आईने फोन डोळ्यांना टेकवून बघितलं असावं. मग फोन करून म्हणाली, "काय निळां आसा गो! तुझ्या हाताक गुण आसा."

नाव तिला दिसलं नव्हतं. तिची नजर इतकी गेली, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.