गौरीचं पाचवं पान

आमच्या घरात मला झाडांची ओळख सांगायला बंदी आहे. तरी मी सांगतो.

बंदी घालणाऱ्यांत बायको आहे, मुलगा आहे, सून आहे आणि पनवेलच्या विहीणबाई आहेत. म्हणजे त्यांची चार मतं आणि माझं एक. पण शास्त्र मतांवर चालत नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावलं आहे. (समजावून होण्याआधीच सगळे उठून जातात, हा माझा दोष नाही.)

श्रीवर्धनजवळ आमची सुपारीची वाडी आहे. चाळीस वर्षं मी डोळे मिटून, सुपारी नुसती मुठीत धरून तिची प्रत सांगत आलो. साठी उलटल्यावर मुलानं मला एक भिंग आणून दिलं आणि मोबाईलवर रानवनस्पतींचा दहा रविवारांचा वर्ग लावून दिला. मी दिवसभर गड्यांच्या मागे भुणभुण करू नये, एवढाच त्याचा हेतू. पण त्या वर्गात मला कळलं, की झाडाची पानं फसवतात, फुलं कोमेजतात, खरं बोलतं ते फळ. त्यातही ती बारीक, कोरडी, आत एकच बी असलेली फळं. चालताना लेंग्याला चिकटतात, वाऱ्यावर उडतात, त्यांना आपण बिया म्हणतो. पण ती आख्खी फळंच असतात. सहदेवीचं केसाळ, माक्याचं काळपट, आघाड्याचं टोकेरी. फळ दाखवा, झाड सांगतो. एका आगपेटीत आख्खं रान मावतं.

मी आगपेट्या भरू लागलो. माझी बायको मंदा संध्याकाळी दिवा लावायला आगपेटी उघडायची आणि तिच्या हातावर माका सांडायचा.

"अहो, या बिया एकदाच्या टाका तरी कुठं."

"बिया नाहीत त्या. फळं आहेत."

"मग नैवेद्याला ठेवू?"

भाताचा दाणा हेसुद्धा असंच एकबीजी फळ आहे. म्हणून एका एकादशीला मी फलाहारात दोन वाट्या भात मागितला. मिळाला नाही. शास्त्राची आमच्या घरात ही पत.

तर झालं ते ओवशाच्या दिवशी. आमच्याकडे लग्न होऊन आलेली सून गौरीपुढे पहिल्यांदा सुपं ओवाळते, तो तिचा पहिला ओवसा. तो कुठल्याही वर्षी होत नाही. गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात यावी लागते. आमची सून प्रणाली घरात आल्यापासून दोन वर्षं नक्षत्र हुकलं. दोन्ही वर्षी ती पहिला ओवसा आधीच झालेल्या दुसऱ्या सुनांची सुपं बघत मागं भिंतीला टेकून उभी राहिली. मी ते पाहिलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी पूर्वा जुळली. पाच सुपं आली, पनवेलहून विहीणबाई आल्या, भटजींनी दुपारी दोनच्या आतली वेळ दिली.

आमच्या रीतीनं प्रत्येक सुपाला पाच प्रकारची पानं दोऱ्यानं बांधतात. तेरडा, आघाडा, हळद आणि काकडी ही चार कुणीही आणतं. पाचवं रानातलं, ते शेजारची पारूकाकी दरवर्षी आणून देते. नाव विचारलं की म्हणते, गौरीचं पान.

"गौरीचं पान हे काही नाव झालं नाही, काकी," मी म्हणालो.

"मंग काय झालं?"

"प्रत्येक झाडाला शास्त्रीय ओळख असते."

"आसंल की. मी न्हाय म्हटलं?"

ते "आसंल की" माझ्या फार जिव्हारी लागलं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की या वर्षी पाचवं पान मी शोधून आणणार. काकी घरी गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मंदा म्हणाली, "पोरीचा पहिला ओवसा आहे. तुमचे प्रयोग पुढच्या वर्षी करा."

"पुढच्या वर्षी पूर्वा नाही," मी म्हणालो. (वाक्य खरं होतं, फक्त माझ्या बाजूचं नव्हतं.)

मी अंदाजपंचे निघालो नव्हतो. माझ्याकडे पुरावा होता. पारूकाकीच्या पडवीत ओवशाचं जुनं सूप खुंटीला असतं. ते मी आदल्याच आठवड्यात भिंगाखाली घातलं होतं आणि त्याच्या विणीत अडकलेलं एक फळ मिळवलं होतं. तिळाहून लहान, चपटं, एका बाजूला टोक. गौरीच्या पानाचंच, दुसरं कशाचं असणार? आता रानात जाऊन असं फळ धरलेलं झाड शोधायचं, की झालं.

रानात गेल्यावर एक बारीकशी अडचण ध्यानात आली. ही फळं वाळतात मार्गशीर्षात. भाद्रपदात निम्म्या झाडांना अजून कळी नसते. म्हणजे माझी विद्या मार्गशीर्षातली आणि गौर भाद्रपदातली. दुसरा कोणी असता तर गुपचूप माघारी येऊन काकीचे पाय धरले असते. मी रेनकोट घालून दोन तास उतारावर ओणवा होऊन एकेक रोपटं तपासत राहिलो. आणि सापडलं! बांधाच्या सावलीत गुडघाभर उंचीची रोपटी होती, कातरलेल्या कडेची हिरवीगार पानं, आणि तुऱ्याला तीच तिळाएवढी चपटी फळं. नमुन्याला उघड्या हातानं शिवायचं नाही, ही वर्गातली शिस्त. म्हणून मी भांडी घासायचे रबरी हातमोजे नेले होते. ते घालून पिशवीभर पानं खुडली.

घरी मंदानं पहिलं पान सुपाला बांधलं आणि हात झटकला.

"मुंगी चावली वाटतं."

"पावसाळ्यात निघतातच मुंग्या," मी म्हणालो.

दुसरं सूप विहीणबाईंनी घेतलं. "अरे बापरे, हे काय आहे? माझ्या हाताला आग आग होतेय."

"पनवेलच्या हाताला श्रीवर्धनची हवा जरा लागते," मी म्हणालो.

मंदा पुटपुटली, "तुमच्या पिशवीत मुंगळे आलेत का बघा." विहीणबाई म्हणाल्या, "बघायला मला डोळे उघडता येत नाहीत." त्यांनी त्याच हातानं घाम पुसला होता. मंदानं तोच हात मानेला लावला. प्रणाली तेवढ्यात उरलेली तिन्ही सुपं बांधून मोकळी झाली होती, ओठ घट्ट मिटून. तिचे तळवे कोकमाच्या पाण्यात बुडवल्यासारखे लाल झाले होते. तिला वाटलं होतं, पहिल्या ओवशाला असंच होत असेल.

दीड वाजला. गौरीपुढे तिघी खाजवत बसल्या होत्या आणि मी भिंग घेऊन मुंगी शोधत होतो. शेवटी मंदानं मागच्या दारानं हाक मारून पारूकाकीला बोलावलं. काकी आली, लांबूनच सुपाकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ही खाजोटी हाय. गुरं बी तोंड लावत न्हाईत हिला. कोनी आनली?"

तिघींनी मिळून माझ्याकडे बोट दाखवलं. सुजलेली बोटं जरा जास्तच मोठी दिसतात.

"काकी, तुमच्याच सुपात हिचं फळ मिळालं मला. भिंगाखाली."

"त्या सुपात मी वरीस झालं नाचनी पाखडते. काय काय कचरा निगतो त्यातनं. त्यो तुम्ही भिंगानं बगितला व्हय?"

यावर शास्त्राकडे उत्तर होतं, पण ऐकायला कोणाला वेळ नव्हता. काकीनं तिघींना खोबरेल चोपडायला सांगितलं, आमच्याच न्हाणीच्या मागे गेली आणि मूठभर पानं घेऊन परत आली. गौरीचं पान तिथं भिंतीच्या कडेनं वाढलं होतं. सकाळी रानात जाताना मी त्याच्यावर पाय देऊन गेलो होतो. त्याला फळ नव्हतं, मग मी ओळखणार कसा?

(मार्गशीर्षात मी त्याचंही फळ तपासलं. खाजोटी आणि गौरीचं पान एकाच कुळातली निघाली. म्हणजे मी घराणं बरोबर ओळखलं होतं, फक्त चुलतबहीण आणली. लग्नाच्या बाजारात याहून मोठ्या चुका खपतात.)

काकीनं भराभर सुपं सोडून पुन्हा बांधली आणि प्रणाली गौरीपुढे उभी राहिली. दोनला पाच मिनिटं होती. सुजलेल्या हातांवर पदर घेऊन तिनं सुपं ओवाळली, एकही हललं नाही, एकही दाणा सांडला नाही. मागं भिंतीशी कोणी उभं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली. ती मी कोणाला सांगितली नाही, कारण त्यातून चुकीचा अर्थ काढला गेला असता.

गौरीनंतर सुपं घरातल्या मोठ्यांना द्यायची. सासूला दिलं, आईला दिलं, पारूकाकीला दिलं, एक देवापुढे राहिलं. पाचवं घेऊन प्रणाली माझ्यासमोर आली. पदर सुपाखाली चांगला दुहेरी घेतला होता.

"बाबा, बाकीच्या सुपांची पानं काकींनी बदलली. तुमच्या सुपाला मी तुमचीच ठेवली. तुम्ही एवढ्या लांबून आणलीत." तीन वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती.

सुपाच्या कडेनं गोल खाजोटी बांधलेली होती. धरायला रिकामी जागा म्हणून ठेवली नव्हती.

"नको असेल तर राहू द्या," मंदा म्हणाली. "चुकलो म्हणा आणि मोकळे व्हा."

विहीणबाईंनी एक डोळा कसाबसा उघडला. काकी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी दोन्ही हात पुढे केले. सूप घट्ट धरलं, रीतीप्रमाणे उचलून कपाळाला लावलं आणि अंमळ तिथंच ठेवलं, म्हणजे कोणाला शंका नको.

"अहो, डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या," मंदा म्हणाली.

"सुनेचा पहिला ओवसा आहे," मी म्हणालो. "सासऱ्याला भरून येणार नाही?"

आणि मागं सरकून खांबाला कपाळ घासू लागलो.