उषाताईंची हायब्रिड

उषाताईंच्या गाडीबद्दल सगळे एकच विचारतात: चार्ज कुठे करता? फूलबागेच्या सिग्नलवर शेजारचा स्कूटरवाला विचारतो, देवळाबाहेर चपला सांभाळणारी बाई विचारते. उषाताई काच खाली करून शांतपणे सांगतात, "भैया, अपने आप होती है. ब्रेक लगाओ तो भरती है, चलाओ तो खाली होती है. पेट्रोल भी पीती है, लेकिन कम." मग काच वर करून मला म्हणतात, "शामला, किती जणांना सांगितलं ते तुझ्या वहीत लिहीत जा."

वहीत मी रोज दिवेलागणीनंतर चार ओळी लिहिते. तिथी, नैवेद्याला काय केलं, कोण आलं. गेल्या चार वर्षांत त्यात उषाताई इतक्या वेळा आल्या आहेत की त्यांच्याबद्दल एकदा सलग लिहावं असं मनात आलं.

दाना ओली ही आमची अरुंद गल्ली, तिच्यात आमच्या समोरचं घर त्यांचं. पस्तीस वर्षांचा शेजार. त्यांचे यजमान मधुसूदनराव बँकेतून निवृत्त झाले आणि एका डॉक्टरांनी दोन वर्षं वापरलेली ही मोठी गाडी घेऊन आले. ओलीत ती शिरत नाही, म्हणून बाहेर रस्त्यालगत ओळखीच्यांच्या गोदामाच्या आवारात उभी असते. मधुसूदनरावांना तिचं भारी कौतुक. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पडद्यावरचे हिरवे बाण दाखवायचे, बघा, आता फुकट चाललो आहोत. उषाताई शेजारी बसून मेथी निवडत आणि मान हलवत.

मग मधुसूदनराव गेले. दीड महिन्याने गाडी बघायला गेलो तर दारसुद्धा उघडेना. ओळखीच्या मेकॅनिकला, संग्रामसिंहला बोलावलं. त्याच्या घरातले सगळे पुरुष पिढ्यान् पिढ्या फौजेत, हा एकटा बोनेटखाली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "काकू, मोठी बॅटरी चांगली आहे. ही छोटी उतरली. उभी ठेवली की उतरणारच. हफ्त्यातून दोन-तीनदा चलाना पड़ेगा."

"चालवणार कोण?"

"तुम्ही. गेअर तर हिच्यात बदलायचेच नसतात."

उषाताईंनी तेव्हा साठी ओलांडली होती. मेळ्याच्या मैदानावर सकाळी सहाला शिकायला लागल्या. संग्रामसिंह शेजारी, मी मागे. मी मोठ्याने रामरक्षा म्हणत असे. एकदा त्या म्हणाल्या, "हळू म्हण गं, इंजिन ऐकू येत नाही." संग्रामसिंह म्हणाला, "काकू, इंजिन बंदच आहे. बॅटरीवर चाललीय."

महिन्याभरात त्या एकट्या देवळात जाऊन आल्या, आणि दोन महिन्यांत ओलीतलं कोणीही आजारी पडलं की त्यांच्याकडे निरोप जाऊ लागला. सोमवार-गुरुवार तर ठरलेला. शेजारच्या शांताताईंना डोळ्यांच्या इलाजासाठी कंपूच्या दवाखान्यात न्यायचं, सोबतीला मी. आम्ही गाडीत बसून वाट बघायचो. ऊन असलं तर एसी लावून. गाडी उभीच, इंजिन मधूनच लागायचं, मधूनच गप्प व्हायचं.

त्रास म्हणाल तर काही नाही. टायर दोनदा बदलले, छोटी बॅटरी दोनदा. ब्रेक अजून सुरुवातीचेच, कारण अर्धं काम मोटर करते असं संग्रामसिंह सांगतो. मी अंबारीत बसल्यासारखी मागच्या सीटवर बसायची, नेहमी उजव्या बाजूला.

गेल्या वैशाखात, संकष्टीच्या दिवशी, कंपूहून परतताना समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण पेटला. गाडी जडावली. एसी बंद पडला. उषाताईंनी बाजूला घेतली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "शांताताई, घाबरू नका, रिक्शा बघते."

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी गेली. तिथे यंत्र लावलं आणि कागद हातात दिला: मोठी बॅटरी गेली, पूर्ण बदला. कंपनीची हमी मागच्याच वर्षी संपलेली. आकडा ऐकून मी मनात विष्णुसहस्रनाम सुरू केलं. गाडी तशीच गोदामात परत आणली.

पुण्याहून त्यांच्या मुलाचा, अभिरामचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "आई, विकून टाक. नऊ वर्षं झाली तिला. ॲपवर गाडी बोलवत जा. आणि तुझं वय पण बघ."

"वयाचं आणि बॅटरीचं काय?"

"आई, प्लीज. मी एक गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येईल."

उषाताई बरं म्हणाल्या. मग तीन दिवस गाडीचं नाव नाही. शुक्रवारी देवळातून चालत येताना आपणहून बोलल्या. "लग्नानंतर चाळीस वर्षं मी 'जरा नेता का' म्हणत जगले, शामला. ह्यांना, मग अभिरामला, रिक्शावाल्याला. चार वर्षं झाली, कोणाला विचारलं नाही. आता परत सुरू." एवढं बोलून वाटेत भाजीवाल्याशी दुधीवरून भांडल्या.

शनिवारी संग्रामसिंहला गाडी पुसायला बोलावलं, गिऱ्हाइकासमोर बरी दिसावी म्हणून. त्याने ती चालू केली आणि मागच्या सीटकडे कान लावून बसला.

"काकू, हा पंखा कधीपासून ओरडतोय?"

"होळीपासून असेल. मला वाटलं, जुनी झाली, कण्हत असेल."

मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. ती तापू नये म्हणून सीटच्या उजव्या कडेला एक जाळी असते, तिच्यातून गाडीतली थंड हवा ओढून पंखा बॅटरीवर सोडतो. संग्रामसिंहने जाळी काढली, आत दोन बोटं घातली आणि उशीच्या पोटातून निघावा तसा करडा कापूस बाहेर ओढला. मग आणखी. मग आणखी.

"ये रुई कहाँ से आई?"

मला ठाऊक होतं कुठून ते. येत्या अधिक मासात लाख वाती लावायचा मी संकल्प सोडला आहे. विकतच्या वाती मला चालत नाहीत. घरात हात रिकामा कधी होतो? म्हणून कापसाची पिशवी गाडीत न्यायची. कंपूला जाताना, शांताताईंची वाट बघताना, येताना, सरकी काढायची, कापूस मोकळा करायचा, वाती वळायच्या. तंतू उडायचे. आणि पिशवी टेकवायला ती जाळी मला सोयीची वाटायची, तिथे कोणाचा पाय लागत नाही म्हणून.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. संग्रामसिंह तोंड फिरवून हसला. उषाताई माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुझं पुण्य माझ्या बॅटरीच्या नाकात गेलं."

"ताई, मला खरंच..."

"किती झाल्या वाती?"

"एकसष्ट हजार."

"त्यातल्या गाडीत किती?"

"चाळीस हजार तरी."

"मग त्या चाळीस माझ्या नावावर लाव. संग्राम, ही साफ झाली की चालेल?"

संग्रामसिंहने पंखा खोलला, धुऊन पुसून बसवला. लाल त्रिकोण गेला. पण तो खोटं बोलणारा नाही. "काकू, कसम नहीं खाऊंगा. तापून तापून आतला एखादा सेल कमजोर झाला असेल. तीन दिवस भर दुपारी चालवा. दिवा परत लागला तर मग खरंच बॅटरी."

उषाताईंनी तिथूनच फोन लावला. "अभिराम, उद्या त्या माणसाला येऊ नको म्हण. बॅटरीच्या जाळीत कापूस अडकला होता, तीन दिवस चालवून बघते."

"आई, रस्त्यात परत बंद पडली तर?"

"पडली तर विकू. कापसापायी विकणार नाही."

 मग, "ठीक आहे. तीन दिवस."

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. पंचेचाळीसचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आम्ही दोघी फूलबाग ते कंपू, कंपू ते फूलबाग. माझे हात रिकामे, तर जपमाळ घेतली. प्रत्येक सिग्नलला माझी नजर पडद्यावर. उषाताई म्हणाल्या, "तू देवाकडे बघ, पडद्याकडे मी बघते." दिवा लागला नाही. चौथ्या दिवशी संग्रामसिंहने आपलं यंत्र लावलं. एक सेल थोडा कमजोर, बाकी सगळे खणखणीत. दोन-तीन वर्षं कुठे जात नाही म्हणाला, जाळी दर महिन्याला साफ करा.

दिवाळीला अभिराम सकाळच्या रेल्वेने आला. उषाताई त्याला स्टेशनवर घ्यायला गेल्या, मी बरोबर. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "तू प्रवासातून आलायस, बस," म्हणाल्या. तो पुढे बसला आणि पहिली पाच मिनिटं पाय ब्रेक मारल्यासारखा दाबत होता. फूलबागेच्या सिग्नलला गाडी थांबली, इंजिन गप्प झालं. मान खिडकीला टेकवून तो झोपला. उषाताईंनी एसी कमी केला आणि ओलीकडे न वळता कंपूकडून लांबचा फेरा घेतला.