फुकटची भर

…आणि मग काय, सोयरिकीच्या भर बैठकीत त्या गवंड्याने खिशातून ओळंबा काढला आणि मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या भिंतीला लावला! दोरीचा लंबक जरा हलला, थांबला, आणि हा म्हणतो कसा, "व्याही, तुमच्या भिंतीचं पोट बोटभर सुटलंय." व्याह्यांनी आधी आपल्याच पोटाकडे पाहिलं. सोयरीक मोडायचीच, पण माणूस हसरा निघाला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून गवंड्याचं नाव ओळंबा पडलं, ते आता सत्तरी उलटली तरी तेच.

तर हा ओळंबा राहायचा त्या गल्लीत अठ्ठावीस घरं. जमीन बशीसारखी खोलगट, चार सरी पडल्या की अंगणात पाणी. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना. तीस वर्षांपूर्वी कारखान्याचे मॅनेजर स्वतः पायी गल्लीत आले. म्हणाले, "भट्टीचा काळा चुरा ढिगाने पडलाय. अंगणात भर म्हणून टाका. पैसा नको, लॉरीही आमचीच." गल्लीने ओळंब्याकडे पाहिलं. बांधकामातलं दुसऱ्या कोणाला काय कळणार? त्याने मूठभर चुरा घेतला, दाबला, बोटांत चोळला. "दगडासारखा बसेल. घ्या डोळे झाकून."

घेतला, अगदी डोळे झाकून घेतला! पंधरा दिवस ओळंब्याने मजुरी न घेता ती भर अंगणाअंगणात पसरली, धुम्मस मारून ठोकली, पाणसळ लावून सारखी केली. पाणी तुंबायचं थांबलं. गल्ली इतकी हरखली की तिने मॅनेजरना आभाराचं पत्र धाडलं. त्यावर अठ्ठावीस घरांच्या सह्या आणि अंगठे, पहिली सही ओळंब्याची. विष घरपोच मिळालं म्हणून लेखी आभार मानणारी गल्ली शोधून सापडायची नाही.

यंदा कोपऱ्यावरच्या शिंपीणवहिनींची नात सारखी पोट धरून बसायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं. मग माती तपासली, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अंगणांत शिसं. सरकारी कचेरीने सांगितलं, कंबरभर माती उकरून न्यायची आणि नवी टाकायची. आता हा खर्च कोणी करायचा? कारखान्याने कळवलं, अर्धा आम्ही, अर्धा गल्लीने. त्या अर्ध्यातला एका घराचा वाटा म्हणजे घर विकावं तेव्हा कुठे भागणार. आणि विषारी अंगणाचं घर घेणार कोण?

त्या संध्याकाळी शिंपीणवहिनी ओळंब्याच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊजी, डोळे झाकून घ्या कोण म्हणालं होतं?"

"मीच," ओळंबा म्हणाला.

"मग आता उघडा की डोळे. आमची पोर बघा."

ओळंबा जेवला नाही. गवंडीण ताट झाकून म्हणाली, "जन्मभर लोकांच्या भिंती वाकड्या म्हणून सांगत हिंडलात, आता आपला पायाच निसटला." बोलली आणि स्वतःच रडली.

कचेरीत सुनावणी झाली. खोलीत बारा खुर्च्या आणि माणसं साठ. कारखान्याच्या वकिलांनी फाईल उघडून काय वाचावं? तेच आभाराचं पत्र! "'आपल्या उपकारांची परतफेड आम्ही कशी करणार,' असं रहिवासी स्वतः लिहितात. भर त्यांनी आनंदाने घेतली, त्यांच्याच माणसाने पसरली. आणि साहेब, चुऱ्यात काय आहे हे त्या काळी आम्हालाही ठाऊक नव्हतं. दोघांकडूनही नकळत झालं. तेव्हा निम्मं-निम्मं."

किती गोड बोलणं! अधिकारीसुद्धा मान डोलवायला लागले. 'नकळत' या शब्दाने ओळंब्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी उघडलं, आणि तो उठून उभा राहिला.

"साहेब, एक विचारतो. गल्लीत भर पडली त्याच महिन्यात मॅनेजरसाहेबांच्या बंगल्याचं अंगण मीच भरलं. अकरा लॉऱ्या तांबडी माती लागली, लांबून विकत आणलेली. मी त्यांना म्हटलं, साहेब, एवढा खर्च कशाला, आपला काळा चुरा फुकट पडलाय की. तर ते म्हणाले, 'छे छे, इथे नको. इथे माझी मुलं खेळतात.'"

शिंपीणवहिनींनी तोंडावर हात ठेवला. अहो, हा किस्सा गल्लीतल्या प्रत्येकाने दहादा ऐकला होता! बारसं असो, लग्न असो, ओळंबा मॅनेजरचा आवाज काढून तो सांगायचा, मोठ्या लोकांचे चोचले म्हणून, आणि गल्ली पोट धरून हसायची. तीस वर्षं हसली. आपल्या काळ्या चुऱ्याच्या अंगणांत पोरांना खेळायला सोडून हसली.

"याला पुरावा?" वकील म्हणाले.

"बंगला अजून कारखान्याचाच आहे ना? मग खणा अंगण. एक काळा खडा निघाला तर अठ्ठावीस घरांचा वाटा माझ्या एकट्याच्या घरावर चढवा."

"अहो, काय बोलताय!" मागून गवंडीण ओरडली. पण बोलून झालं होतं.

अधिकाऱ्यांनी चार दिवसांनी स्वतः उभं राहून बंगल्याचं अंगण खणून घेतलं. कंबरेपर्यंत खणलं तरी स्वच्छ तांबडी माती. काळा खडा औषधालाही नाही. मॅनेजर निवृत्त होऊन कधीच दूर गेले होते, मुलं मोठी झाली होती, धडधाकट असतील. पुढच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी निम्म्याची गोष्ट खोडली. कारखान्याला माहीत होतं, सबब सगळा खर्च कारखान्याचा, असं लिहवून घेतलं. गल्लीतले उठून उभे राहिले, एकमेकांना मिठ्या मारल्या.

वकिलांनी फाईल बांधली. तोंड कडू झालेलं. जाता जाता ओळंब्यापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही म्हणा बाबा, विष पसरलं ते तुमच्याच हातांनी. मग तुमचा वाटा काहीच नाही?"

ओळंब्याने शिंपीणवहिनींकडे पाहिलं, मग वकिलांकडे.

"आहे की. पसरायला मी पंधरा दिवस फुकट राबलो, उकरायलाही पंधरा दिवस फुकट राबेन, कंबर मोडली तरी. वहिनींची पोर आजारी पडली त्यात माझी चूक आहे, ती माझ्याकडेच राहील, त्या चुकीवर तुम्ही हक्क सांगू नका. तुमच्या त्या जुन्या मॅनेजरसाहेबांना फक्त एवढं कळवा, की माझ्या शेजारी दुसरं फावडं ठेवलंय, आणि तीस वर्षं उशीर झालाय तरी ते अजून येऊ शकतात."