उकळीकाकांचं सातूचं पाणी

उकळीकाकांनी मला फसवलं, आणि माझ्या तोंडून गुल खानला. आधीच सांगून टाकतो, कारण काकांबद्दल लिहायला बसलो की माझा राग विरघळतो.

काका नाशिकचे, सौदीत रास तनुराजवळच्या कारखान्यात भट्ट्यांवर इंजिनीअर. चहाच्या पातेल्यावरही वाकून म्हणायचे, "ही नुसती वाफ. उकळी कशी खदखदून हसली पाहिजे!"

कामगारांच्या कँपमधल्या त्यांच्या खोलीत मोठं पातेलं असे. "सातूचं पाणी रे शेठ, मूतखड्यावर." इथल्या उन्हात कुणालाही मूतखडा होतो, मलाही झाला होता. विजेच्या शेगडीवर ते पातेलं दुपारभर कोमटच राही. मग काकांनी घरून आणलेला अंघोळीच्या पाण्याचा रॉड त्यात सोडला. रॉडवर काळी खरपुडी धरली, जळक्या गुळासारखा वास सुटला.

"सातूला एवढी गोडी कुठून, काका?"

"मोड आणलेत. पचायला हलकं." दुकानदाराने असलं उत्तर दिलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता.

"जाळ हवा शेठ. गॅसच बघ." मी जवळच्या दम्माम शहरात हॉटेलांना भांडी पुरवतो. घसा बसेपर्यंत घासाघीस करून दणकट बर्नर आणि सिलिंडर आणला. पण कँपमध्ये सिलिंडरला बंदी. गेटवर पहाऱ्याला पेशावरचा गुल खान.

"सेठ, ये क्या?"

"दवा का पानी उबलेगा, खान. मेरी ज़बान."

"आपकी ज़बान है तो जाइए." त्यालाही खडा होता. काका त्याला दर जुम्म्याला त्याच पाण्याची बाटली द्यायचे.

त्या संध्याकाळी उकळी खरंच खदखदून हसली. काकांनी मला मिठी मारली.

पुढे उन्हाने त्यांच्या कपाटातल्या बाटल्या फुटल्या आणि सगळ्या बराकीला बिअरचा वास लागला. काकांना कायमचं परत पाठवलं. सिलिंडर आत सोडला म्हणून खानचीही नोकरी गेली. निघताना तो नोकरीबद्दल चकार शब्द बोलला नाही. हळूच विचारलं, "सेठ, मेरी बोतल में भी वही था? मैं पी के नमाज़ पढ़ता था."

भाव करताना कधी न झुकलेली माझी मान खाली गेली. त्याच्या बाटलीत काय होतं, मला ठाऊकच नव्हतं.

काका आता नाशिकहून फोन करतात. "शेठ, गॅसला तोड नाही हं!" म्हणून हसतात.

काका, हसू नका. खानचा नंबर पाठवलाय. त्याच्या बाटलीत काय होतं, ते त्याला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने. आजच.