सामाईक मशीन

ते मशीन आता माझ्याच कपाटात असतं. बारी कुणी मागत नाही, बाजारादिवशी कुणी न्यायला येत नाही. ज्याच्यासाठी मी सगळ्या घराशी वाकडं घेतलं ते असं आपसूक पदरात पडलं, आणि आता त्याचा उपयोग शून्य. आमचे हे रोज सकाळी गाडीला किक मारून बारामतीला जातात, थोरल्या भावाच्या कामावर. मला याचं काही वाटत नाही असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. कपाट उघडलं की अजून चीड येते.

आमचा धंदा बिनतारी इंटरनेटचा होता. इंदापुरात आमच्या गच्चीवर लोखंडी मनोरा, त्याच्यावर तबकड्या, आणि तिथून गावोगावच्या घरांना, डेअऱ्यांना, शाळांना हवेतून नेट. प्रत्येक तबकडी एका ठरलेल्या चॅनेलवर बोलते. त्याच चॅनेलवर शेजारी दुसरं कुणी बोलायला लागलं की दोघांचाही विचका. कोणत्या चॅनेलवर किती गोंगाट आहे आणि तो कोणत्या दिशेनं येतोय हे पडद्यावर दाखवणारं हातातलं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम अनालायझर. जेवणाच्या डब्याएवढं असतं. घरात त्याला नुसतं मशीन म्हणायचे. मी बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळं मनोऱ्यावर चढायचे हे आणि मशीन वाचायचे मी.

धंदा मुळात दोघा भावांनी मिळून काढलेला. एकत्र होतो तेव्हाचं काय सांगायचं. उन्हातान्हात मनोऱ्यावर लटकायचे हे, आणि गावच्या उद्घाटनाला फेटा बांधून उभे राहायचे दीर. शेवटी मी हट्ट धरला आणि वाटणी झाली. बारामती तालुका त्यांना, इंदापूर तालुका आम्हाला. शिड्या वाटल्या, वायरींची बंडलं वाटली, तबकड्या वाटल्या. मशीन एकच. ते निमगाव केतकीला आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हिरीचं जसं, तसंच ह्येचं. सामाईक. बाजार ते बाजार बारी."

आमच्या विहिरीवर पाण्याची बारी असते, आज थोरल्याची, उद्या धाकट्याची. तिच्यातला गाळ मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसाच आहे, कारण गाळ कुणाच्याच बारीत येत नाही. मी हे बोलून दाखवलं. आबा म्हणाले, "पानी तर येतंय न्हवं?" तिथंच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

तर एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत मशीन आमच्याकडं, मग तेवढंच त्यांच्याकडं. आमच्या बारीत मी त्याचं तोंड, म्हणजे वायर लावायची जागा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. त्याला टोपण लावायची. ते गाडीच्या डिकीत तापू द्यायची नाही. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून वर सेफ्टी पिन लावायची, तीही उलटी, टोक आत दडवून, पडद्यावर चरा नको म्हणून. तिकडून ते यायचं नुसतं पिशवीत टाकलेलं. बॅटरी मेलेली, बटणांच्या फटीत फरसाणाचा चुरा. एकदा टोपणच नाही. विचारलं तर दीर माझ्याशी बोलायचे नाहीत, धाकट्याच्या बायकोशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही. समोर मी उभी असताना ते यांना म्हणायचे, "तिला सांग, टोपण काय पळून जात न्हाय." आणि हे माझ्याकडं वळून तेच सांगायचे, जशी काही मी बहिरी.

आमचा सगळा डोलारा निरवांगीच्या लाइनवर होता. तिथली डेअरी, शाळा, आजूबाजूच्या वस्त्या, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक त्या एका तबकडीवर. ती लाइन गेली की दुकानाला कुलूप आणि हे परत भावाच्या हाताखाली, हे मला रोज उठल्यावर आठवायचं. आणि तीच लाइन एके दिवशी संध्याकाळी तुटायला लागली. डेअरीत दूध घालायची वेळ झाली की नेट बंद, गवळी रांगेत, फोनवर शिव्या. मशीन नेमकं त्याच बाजाराला तिकडून परत आलेलं. गच्चीवर जाऊन चारी दिशांना फिरवलं. पडदा स्वच्छ. हवेत कुठंच काही नाही.

दोन संध्याकाळी मी स्वतःलाच वेड्यात काढलं. मग मशीन आमच्याच तबकडीच्या तोंडापुढं धरलं. तिथं पडदा भरून जायला हवा. जेमतेम एक उंचवटा दिसला. मशीन बहिरं झालं होतं.

यांनी भावाला फोन लावला, स्पीकरवर. दीर अगदी मोकळेपणानं म्हणाले, "व्हय, वायर लावून बघितली की सरळ. आपला सेट किती ताकदीचा हाय म्हनलं बघावं."

"मधला पितळी तुकडा लावला होता का विचारा," मी म्हणाले. सेटची, म्हणजे तबकडीमागच्या रेडिओची, ताकद मारणारा तो तुकडा असतो, त्याच्याशिवाय सेट मशीनला जोडायचाच नाही. मी माझ्या हातानं त्यांना दाखवलं होतं.

"ते पितळी व्हय? ते पिशवीत पडलंय बघ. अडचण हुत हुती म्हनून काढलं."

कुजबुज ऐकायला केलेल्या कानाला दीरांनी लग्नाचा भोंगा लावला होता.

दुसऱ्याच दिवशी निमगावला जाऊन मी आबांपुढं विषय काढला. दुरुस्ती दोघांनी मिळून करावी, एवढंच मागणं. दीर ओट्यावर बसून ऊस सोलत होते. आबांनी मशीनचं बटण दाबलं. पडदा उजळला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

"लागतंय की."

"आबा, मोटर फिरतीय पण पाणी येत नाही, तसं झालंय त्याचं."

"मोटारीचं मला शिकवू नगं. चालू वस्तू हाय, ती मोडली म्हनून भावाभावात लावतीस व्हय?"

मी यांच्याकडं बघितलं. हे गोठ्याकडं बघत होते. यांना अडचण आली की गोठ्यात काहीतरी बघण्यासारखं असतंच.

मग मीच ते उघडलं. रागाच्या भरात माणूस बरंच काही शिकतो. आतल्या पाटीवर तोंडाजवळचीच पहिली चिप जळाली होती, तांदळाच्या कणीएवढी. तशीच दुसरी मागवली. दुकानाच्या शेजारी मोबाईल दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांच्या गरम हवेच्या गनवर, त्यांचंच भिंग डोळ्याला लावून जुनी काढली. नवी चिमट्यात धरली. चाचा म्हणाले, "सामाईक हाय ना गं? मग अर्धीच बसवू का?" मला इतकं हसू आलं की चिमटा खाली ठेवावा लागला. त्या सगळ्या काळात तेवढंच काय ते हसले असेन.

चिप बसली. आमच्या तबकडीपुढं धरलं तर पडदा काठोकाठ भरला. आणि संध्याकाळी गच्चीवर गेले तर आमच्या चॅनेलच्या बरोबर डोक्यावर दुसरा कुणीतरी बसलेला, दिशा निमगाव केतकीची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीवरून निघालो. मी मागं बसून मशीन धरलेलं. मधे मधे थांबायचं, फिरवून बघायचं, पुढं जायचं. निमगाव जसं जवळ आलं तसा गोंगाट वाढत गेला, आणि आबांच्याच घरापुढं सगळ्यात जास्त झाला. वर बघितलं. आबांच्या पाण्याच्या टाकीवर नवी कोरी तबकडी, तोंड निरवांगीकडं.

"दुसऱ्या कुनाचं असंल," हे म्हणाले.

"तुमच्या बापाच्या टाकीवर?"

आबा काही लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. थोरल्यानं लावलीय, म्हणाले, माझ्या टीव्हीला.

"तुमच्या टीव्हीची तबकडी निरवांगीला काय बघतीय? इंदापूर तालुका आमच्या वाटणीचा आहे, आबा. तुम्हीच ठरवलं होतं."

"वाटणी जमिनीवरची हुती. हवा काय तुज्या सातबाऱ्यावर हाय का?"

घरी आल्यावर यांना म्हणाले, भावाशी बोला, आजच बोला. हे म्हणाले, "बोलतो." यांचं "बोलतो" मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

शेवटी मी दुसरा रस्ता काढला. सकाळी, गिऱ्हाईकं झोपेत असताना, मशीननं सगळी हवा चाळून एक मोकळा चॅनेल शोधला आणि लाइन गुपचूप त्याच्यावर नेली. संध्याकाळी डेअरी सुरळीत. शाळेतून फोन आला, आज लई फास्ट चाललंय म्हणून. कितीतरी दिवसांनी मी नीट जेवले. यांना समोर बसवून सांगितलं, हा चॅनेल फक्त आपल्या दोघांत. यांनी मान डोलावली.

आणि बाजार आला. मशीन तिकडं द्यायचा दिवस. मी दुरुस्त केलेलं, नीट ऐकू येणारं मशीन त्यांच्या हातात पडलं की नवा चॅनेल त्यांना बसल्या जागी सापडणार. मी म्हणाले, या खेपेला देऊ नका. "द्यायला तर लागंल," हे म्हणाले, "बारी त्यांची हाय."

ठीक आहे म्हटलं. यांची पाठ वळल्यावर मी मागचे स्क्रू काढले. तोंडापासून आतल्या पाटीपर्यंत जाणारी बोटभर वायर असते. ती उपसून माझ्या कुंकवाच्या डबीत ठेवली. स्क्रू परत लावले. बटण दाबलं, पडदा उजळला. आबांच्या हिशेबानं वस्तू एकदम चालू. बॅटरी पूर्ण भरून, साडीच्या तुकड्यात गुंडाळून, उलटी पिन लावून दिलं. मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ते परत यायच्या आधीच निरवांगीची लाइन पुन्हा तुटली. बरोबर दुधाच्या वेळेला. डेअरीवाल्यानं सांगितलं, आता दुसरीकडून घेतो, थोरले स्वतः येऊन गेलेत.

बाजाराला मशीन आलं. मी पिशवीतून काढलं आणि हातातच धरून बसले. पिन उलटी होती, टोक आत. साडीच्या घड्या मी घातलेल्या तशाच. बॅटरी काठोकाठ भरलेली. त्यांनी ते उघडलंच नव्हतं. काय करायचं होतं त्यांना त्याचं? बारी होती म्हणून नेलं होतं, एवढंच. कुंकवाच्या डबीतली वायर काढून जागेवर बसवली, गच्चीवर गेले, निमगावकडं धरलं. आमच्या नव्या चॅनेलवर, नेमका तोच पकडून, ते बसले होते.

खाली आले तेव्हा हे जेवत होते. मी मशीन ताटाशेजारी ठेवलं.

"भाऊजींनी हे उघडलंसुद्धा नाही. मग चॅनेल त्यांना कळला कसा?"

यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, नीट खाल्ला.

"दादानं फोनवर विचारला."

"आणि?"

"आनि काय? थोरला हाय तो. सांगितला."