टाक्याच्या तोंडाशी

आमच्या ह्यायची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसवर गेली. रिटायर झाल्यावर माणूस गावाकडे जाते, नातवंडं खेळवते. ह्यायले वाइन करायची होती. तीही जांभळाची. भिलाईत महुआ सगळ्यायले ठाऊक, वाइन कोणी केली नव्हती. आमच्या स्मृति नगर कॉलनीतल्या बायका मले विचारायच्या, ‘क्या भाभी, अब घर में भट्टी लगेगी?’ मी हसून टाळायची, पण आतून चिडायची. ह्यायले मात्र कोण काय म्हणते त्याचं सोयरसुतक नव्हतं. लायसनसाठी चपला झिजवल्या, हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात एक बंद पडलेलं शेड भाड्यानं घेतलं, आणि जांभळं येऊन पडली.

आमच्या इकडची गरमी अशी, की रस फसफसून ड्रमच्या बाहेर यायचा. पहिला माल तसाच नासला. मग शेडमधलं जमिनीखालचं सिमेंटचं टाकं ह्यायच्या नजरेत भरलं. आधीच्या कारखान्यानं पाण्यासाठी बांधलेलं, आत उतरायले लोखंडी शिडी, खाली गारवा. ड्रम खाली गेले. रोज उतरून वर आलेली सालं दांड्यानं रसात दाबायची, हे ह्यायचं काम. मी वर खुर्ची टाकून बसायची.

मले ते टाकं पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. वर चिलटायनं जीव नकोसा केलेला, आणि खाली एकही उडताना दिसेना. हे खुश. ‘पाहा, किती साफ आहे.’ मी वाकून टॉर्च मारला तर तळाशी मेलेल्या चिलटायचा काळा थर. ‘अहो, हे काहून मरून राहिले?’ ‘थंडाव्यानं,’ म्हणे. दुसऱ्या दिवशी वर आले ते धापा टाकत, डोकं धरून. म्हणाले, वय झालं.

मी भांडली. मी काही गरीब गाय नाही. तेव्हा ह्यायनं कॉलरले लावलेलं गॅसचं मीटर माझ्या नाकासमोर धरलं. प्लांटमध्ये असतं तसंच, बाजारातून आणलेलं. गॅस आला की बोंबलते. ‘झिरो आहे. फर्नेसच्या माणसाले तू गॅस शिकवून राहिली का?’ मी परत खुर्चीवर जाऊन बसली. ते मीटर फर्नेसच्या गॅसचं होतं. रस आंबताना निघते तो गॅस वेगळा, जड, तळाशी साचणारा. तो त्या मीटरले कळतच नाही. मले हे फार उशिरा समजलं. ह्यायले समजायले पाहिजे होतं, आणि त्याचा राग माझा अजून गेला नाही.

त्या दिवशी हे खालून बोलून राहिले होते. पहिली बाटली व्याह्यायले द्यायची की नाही, यावर आमची जुंपली होती. ‘त्यायले वाइन काय कळते,’ म्हणाले, आणि पुढचं काही आलंच नाही. दांडा पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, पुन्हा मारली. ओ नाही.

शिडीवर पाय ठेवला तेव्हा ह्यायचंच बोलणं आठवलं. ड्युटीवरून आल्यावर कितीदा सांगितलं होतं, गॅसमध्ये पडलेल्याच्या मागे धावणारा परत येत नाही, आधी हवा सोडायची. मी पाय काढला आणि बाजूच्या फॅब्रिकेशनच्या शेडकडे ओरडत सुटली. माणसं आली. एक वेल्डर सरळ शिडीकडे धावला. मी टाक्याच्या तोंडावर हात पसरून आडवी झाली. ‘कोई नहीं उतरेगा. पहले ब्लोअर लाओ.’ तो म्हणे, ‘आंटी, अंकल मर जाएँगे.’ मी त्याचा शर्ट गच्च धरून ठेवला. ब्लोअर यायले वेळ लागला.

खाली हवा गेल्यावर ह्यायले दोरानं वर काढलं. हे गेले होते.

तेरवीच्या दिवशी त्या वेल्डरची बायको आली, कडेवर लेकरू. ‘आपने मेरे आदमी को बचा लिया,’ म्हणाली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिचा माणूस वाचला, बरंच झालं, असं मी सगळ्यायले सांगते. पण ती पाया पडून राहिली होती तेव्हा माझ्या मनात एकच होतं. उतरू द्यायचं होतं त्याले.