आखूड शेवंती

आमच्या आईला काचघरात सगळे गारठाबाई म्हणायचे. नाव काही आपुलकीनं ठेवलेलं नव्हतं, पण आई ते मिरवायची. रात्रभर नळांतल्या गरम पाण्यानं उबदार ठेवलेल्या शेवंतीवर, सूर्य वर यायच्या आत, छताच्या झडपा उघडून गार हवा सोडायची हे तिचं काम. ती हँडल फिरवायला लागली की बाकीच्या बायका कुडकुडत तिच्या नावानं बोटं मोडायच्या.

कारण साधं होतं. दुकानांतल्या दोन फळ्यांमधली उंची ठरलेली, आणि रोप त्यात मावलं नाही की माल परत. दिवस उबदार आणि रात्र थंड मिळाली तर रोप ताडमाड वाढतं. उलट रात्री ऊब आणि उजाडताना गारवा दिला की आखूड राहतं, कारण उजाडतानाच त्याला वाढायची खरी घाई असते. "तेव्हाच दामटायचं," आई म्हणायची. वर औषधाचा फवारा असायचाच. रोपाच्या अंगात देठ लांबवणारं एक संप्रेरक तयार होतं, ते हा फवारा होऊच देत नाही. रोप टवटवीत दिसतं, फुलतंही, फक्त वाढत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, किती गोंडस! मला त्या गोंडसपणाची चीड आहे.

काचघराचा मुकादम थकत चालला होता. "बाई, यांच्यानंतर तुम्हीच," असं मालकानं आईला सांगून ठेवलेलं. त्या एका वाक्यावर ती वर्षानुवर्षं जगली. वडील गेल्यावर तिला दुसरा आधारही नव्हता म्हणा.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा, ऐन थंडीत, आई तापानं फणफणली. उठून बसवेना. तिच्या शेजारच्या रांगेवर काम करणारी बाई घरी आली आणि म्हणाली, "झडपा मी उघडते गं. तू पडून राहा." आईनं गोड हसून नको म्हटलं. बाई जिना उतरते न उतरते तोच आई मला म्हणाली, "तिच्या हातात हँडल गेलं की मुकादमकी गेलीच समज. तू जा. या हंगामापुरतंच."

"आणि परीक्षा?"

"पहाटेचं तर काम. पुढे अख्खा दिवस शाळाच आहे की."

गेले. काचघरातून थेट वर्गात, आणि बाकावर डोकं टेकलं की झोप. शिक्षिका आधी रागावल्या, मग त्यांनी माझा नाद सोडला. परीक्षेत मी सपशेल आपटले. आईचा ताप उतरला, पण खोकला राहिला आणि गार हवा तिला सोसेना; ती ऊन वर आल्यावरच कामावर यायची. "पुढच्या हंगामात बस परत," ती म्हणाली. पुढच्या हंगामातही झडपा माझ्याकडेच होत्या. मला शिक्षिका व्हायचं होतं, हे आता सांगायचीही लाज वाटते.

अशी कितीतरी वर्षं गेल्यावर शेवटी मुकादम घरी बसला. मालकानं झडपा आपोआप उघडणारं यंत्र आणलं आणि मुकादमकी कोणालाच दिली नाही. आईला कामावरून निरोप देताना शेवंतीची एक कुंडी दिली, रिबीन बांधून. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली, वर "उपकार झाले" म्हणाली. ती कुंडी तिथेच आपटावी असं मला वाटलं. पण मी अजून तिथेच खोकी भरते, त्यामुळे गप्प बसले.

कुंडी आमच्या खिडकीत आली. फुलं सुकली, आईनं खुडली. मग देठ जे सुटले ते सुटलेच. इथे पहाटे गारवा द्यायला कोणी नव्हतं आणि फवाऱ्याचा असरही सरला होता. रोप उंच होऊन एका अंगाला कललं, तेव्हा आईनं त्याला काठी लावली.

काल कामावरून आले तर ती त्याच्यापुढे बसलेली. "बघ ना, औषध उतरलं की वाढतात ही," म्हणाली. "मला वाटायचं, एकदा आखूड राहिलं की संपलं." मग माझ्याकडे न बघता, "तूही बस ना गं परीक्षेला. अजून काय झालंय?"

माझे केस पिकायला लागलेत. तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की मला तिची कीव आली आणि रागही आला. शेवटी इतक्या वर्षांचं तोंडाशी आलेलं विचारलंच.

"आई, तेव्हा त्या बाईला झडपा उघडू दिल्या असत्यास तर?"

आई जराही थांबली नाही. "तर ती मुकादम झाली असती," म्हणाली आणि काठीची गाठ आवळू लागली.